खिडकीखाली दोनदा

पहाटे पावणेपाचला उस्तादचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावायची गरज त्याला कधी पडली नाही. बंगल्याच्या गॅरेजवर त्याची खोली होती. तोंडावर पाणी मारून तो पाय न वाजवता लोखंडी जिन्याने खाली उतरायचा आणि आधी गाडीवरची कापडी खोळ काढायचा. खोळ ओढून काढायची नाही, घडी घालत काढायची. ओढली की तिच्यावरची धूळ रंगावर घासते आणि चरे पडतात. ते आज दिसत नाहीत, वर्षाने दिसतात, आणि तोवर ओढणारा नामानिराळा झालेला असतो. उस्तादला तसलं काम जमायचं नाही.

हे नाव त्याला तरुणपणी ट्रकच्या गॅरेजात चिकटलं ते कायमचं. बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा मोठे मालक हयात होते, त्यांची लाकडाची वखार जोरात चालत होती. मोठे मालक गेले. त्यांच्या मुलाने, म्हणजे साहेबांनी, वखार विकली आणि त्यातल्या काही पैशांतून ही गाडी आणली. दोन माणसांची, गडद हिरवी, जमिनीला लागून असलेली. आत बसायचं म्हणजे हौदात उतरल्यासारखं उतरावं लागायचं.

ती चालवायचे साहेब. उस्तादकडे घरची दुसरी, मोठी गाडी होती; दवाखाना, बाजार, पाहुणे, सगळं तिच्यावर. हिरव्या गाडीचं एकच काम त्याच्या वाट्याला यायचं. सकाळी ती सुरू करून गरम करायची. त्या एका कामासाठी तो पगार न घेताही उठला असता. रात्रभर गार पडलेलं इंजिन सुरू होताना आधी एक खाकरा यायचा, मग आवाज एकदम फुटायचा. तो कानात नंतर शिरायचा, आधी छातीच्या फासळ्यांत लागायचा. गॅरेजच्या पत्र्यावरचे पक्षी उडून जायचे. मग आवाज हळूहळू खाली यायचा, सहाही सिलिंडर एका श्वासात चालू लागायचे, आणि उस्ताद बॉनेटवर तळहात टेकवून उभा राहायचा. त्याची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. अंगावर काटा यावा असं त्याच्या दिवसात दुसरं काही नव्हतं.

घरात मात्र त्या आवाजावरून आग लागलेली. साहेबांच्या आईला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. वखार विकली तेव्हाच त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. "तुझ्या बापाचा घाम तू धुरातून सोडतोयस," एवढं एकदा म्हणाल्या आणि तोंडाला कुलूप घातलं. मुलगाही त्यांचाच. त्यानेही मनधरणी केली नाही. एका घरात राहून दोघांचा अबोला वर्षानुवर्षं चालला. फक्त रोज सकाळी ऑफिसला निघताना साहेब गाडी मोठ्या बाईंच्या खिडकीखाली आणायचे आणि दोनदा रेस द्यायचे. दोनदाच. मग फाटकाबाहेर, वळणावर दुसरा गिअर. तो नेहमी करकरायचा, कारण साहेबांचा पाय क्लचवरून लवकर उठायचा. संध्याकाळी परतताना पुन्हा तसंच.

ते दोनदा रेस देणं आईला खिजवायला होतं की हाक मारायला, याबद्दल स्वयंपाकघरात दोन पक्ष होते. स्वयंपाकीण मावशी म्हणायची, "खिजवतोय. लहानपणापासून खोडकर." उस्तादला ती हाक वाटायची.

मग मोठ्या बाईंना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून त्या घरी आल्या त्या वरच्या खोलीत अंथरुणालाच खिळल्या. त्यानंतर महिनाभराने साहेब कामासाठी परगावी गेले आणि तिकडेच, हॉटेलच्या खोलीत, झोपेत गेले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिकडे गेल्या, तिकडेच सगळं उरकून आल्या. डॉक्टरांनी बजावलं, "एवढ्यात आईंच्या कानावर जाऊ देऊ नका. हा धक्का त्यांना झेपणार नाही. थोडे दिवस जाऊ देत."

ज्या दिवशी साहेब परत यायचे होते त्याच्या दुसऱ्या सकाळी मोठ्या बाईंनी मावशीला विचारलं, "आज गाडी नाही गेली?"

दुपारी वहिनी गॅरेजपाशी आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज ताब्यात.

"उस्ताद, उद्या सकाळी गाडी काढा. त्यांच्यासारखी."

"त्यांच्यासारखी म्हणजे, वहिनी?"

"त्यांच्यासारखी," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या सकाळी उस्तादने गाडी खिडकीखाली आणली, दोनदा रेस दिली, फाटकाबाहेर काढली आणि वळणावर दुसरा गिअर टाकला. लोण्यात सुरी जावी तसा तो गेला. परत आला तर मावशी मागच्या दाराशी पदराने घाम पुसत उभी.

"अहो, काय केलंत? वरून घंटा वाजली. विचारतायत, गाडी कोणी नेली? मी आपली म्हणाले, गॅरेजात दाखवायची होती, उस्ताद घेऊन गेले."

"पण कळलं कसं त्यांना?"

"म्हणाल्या, इतकी सरळ कशी गेली!"

तेव्हा उस्तादच्या लक्षात आलं की त्याला गाडी वाईट चालवायला शिकायचं आहे. हे काम सोपं नव्हतं. ज्या हाताने उभ्या जन्मात गिअरचे दात वाजू दिले नाहीत, तो हात ऐकेना. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जाऊन त्याने सराव केला. पाय लवकर उचलायचा, पण फार लवकर नाही. फार लवकर उचलला की गाडी नुसती किंचाळते, साहेबांसारखी करकरत नाही. चांगलं करायला जेवढे कष्ट लागतात तेवढेच ते बरोबर बिघडवायला लागले. प्रत्येक वेळी तो आवाज गाडीच्या दातांतून निघून त्याच्या दातांत यायचा. पण जमलं. त्या सकाळी वरची घंटा वाजली नाही. मावशीने वरून येऊन सांगितलं, "चहा घेतला त्यांनी. आणि बिस्किटही."

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष गेलं. सांगायची वेळ आज नको, उद्या बघू, असं करत टळत राहिली. वहिनी वर जाण्याआधी तोंड धुऊन जायच्या. मोठ्या बाई मुलाविषयी चकार शब्द काढायच्या नाहीत, आणि अबोला आधीपासूनचाच असल्यामुळे त्यात कुणाला नवल वाटायचं नाही. मुलाचं म्हणून त्यांच्यापर्यंत पूर्वीही तो आवाजच तेवढा पोचायचा.

उस्ताद सकाळी गाडी नेऊन ऑफिसमागच्या शेडमध्ये ठेवायचा, बसने परत येऊन घरची कामं करायचा, संध्याकाळी पुन्हा जाऊन ती आणायचा. मावशी त्याला सोडायची नाही.

"आले का साहेब? चहा कुठे घेणार, दिवाणखान्यात की बाल्कनीत?"

"मावशी, चेष्टा नको."

"अहो, चेष्टा नाही केली तर मला रडू फुटेल. मग रात्रीचा स्वयंपाक कोण करणार, तुम्ही?"

वाटेत रेल्वेच्या रुळांखालून जाणारा एक लांब बोगदा होता. सकाळी तो रिकामा असायचा. पहिल्यांदा तिथे त्याचा पाय आपसूक दाबला गेला. काटा वर चढला, इंजिनाचा आवाज आधी घोगरा, मग भरीव, मग एकदम मोकळा झाला. दोन्ही भिंतींवर आपटून परत आला, आणि क्षणभर वाटलं की आपण आवाजाच्याच आत बसलो आहोत. बोगद्याबाहेर आला तेव्हा तो हसत होता. मग आरशात स्वतःचं हसू दिसलं. मेलेल्या माणसाच्या जागेवर बसून आपल्याला मजा वाटते, या विचाराने त्याला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने बोगद्यात पाय आवरला. तिसऱ्या दिवशी नाही आवरला.

या नोकरीत एकच अडचण होती. सुट्टी नव्हती.

उस्तादची आई दिवसभराच्या प्रवासावर, लहान गावात एकटी राहायची. मुलाकडे यायला तयार नव्हती. "गॅरेजवर राहू? मी काय टायर आहे?" म्हणायची. पूर्वी तो दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन यायचा. आता फोन.

"कधी येतोस रे?"

"येतो ना आई. सुट्टी मिळू दे."

"तुझ्या साहेबांना म्हणावं, आई विचारते."

"सांगतो."

"चांगला माणूस आहे तो. नाही म्हणायचा नाही."

"हो," उस्ताद म्हणायचा. साहेब गेल्याचं त्याने आईलाही सांगितलं नव्हतं. एकदा वहिनींना शब्द दिला म्हणजे दिला.

आईचे पाय सुजू लागले, मग ती फिरेनाशी झाली. तेव्हा त्याने शेजारच्या एका बाईला पगार लावला. दिवसभर आईजवळ बसायचं, औषध द्यायचं, जेवू घालायचं. बाई गरजू होती, कामाला चोख होती. त्याच्या पगारातला मोठा भाग तिकडे जायचा. उरलेल्यात त्याचं भागायचं.

एकदा मात्र त्याने नेटाने सुट्टी मागितली. वहिनींनी ऑफिसच्या ड्रायव्हरला बोलावलं. उस्तादने त्याला सगळं दाखवलं, दोनदा करून घेतलं. आईला फोन केला की उद्या संध्याकाळी पोचतो. पहाटेच्या बसने निघाला. ऑफिसच्या ड्रायव्हरने खिडकीखाली गाडी बंद पाडली. घाबरून पुन्हा सुरू केली आणि दोनाऐवजी भसाभस रेस दिली. वर मोठ्या बाईंनी ताट परत पाठवलं. दुपारचं औषधही घेतलं नाही. अर्ध्या वाटेवर बस थांबली होती तिथे उस्तादचा फोन वाजला.

"उस्ताद, मी कोणत्या तोंडाने सांगू," वहिनी म्हणाल्या.

त्यांना सांगावं लागलं नाही. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि परतीच्या बसमध्ये बसला. संध्याकाळी गाडी वेळेवर फाटकात आली, दोनदा गरजली. तिकडे आई, शेजारच्या बाईने फोनवर सांगितलं, केस विंचरून दाराशी बसली होती. त्यानंतर येण्याची तारीख त्याने आईला कधी सांगितली नाही. सुट्टीही मागितली नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी, खोळ काढत असतानाच शेजारच्या बाईचा फोन आला. "दादा, काकूंचं काही खरं नाही. डॉक्टर येऊन गेले. जमलं तर या."

उस्तादने खोळीची घडी पुरी केली. मग त्याने गाडी सुरू केली. ती गरम होईपर्यंत थांबला. खिडकीखाली आणली. दोनदा रेस दिली. फाटकाबाहेर वळणावर दुसरा गिअर करकरवला. एवढं करून तो परत फिरला, कारण आज वहिनींना विचारणार नव्हता, सांगणार होता. गाडी फाटकात घेतो तो मावशी धावत आली.

"वर बोलावलंय. तुम्हाला. नाव घेऊन."

मोठ्या बाईंनी अंथरूण धरल्यापासून तो त्यांच्या खोलीत गेला नव्हता. त्या उशांना टेकून बसल्या होत्या, पूर्वीच्या निम्म्या राहिलेल्या. खिडकी उघडी होती.

"बसा, उस्ताद."

तो उभाच राहिला.

"एक सांगायचं होतं. दुसरा गिअर आता नीट टाकत जा. त्या गाडीला कशाला छळता?"

उस्तादने हातातली किल्ली खिशात टाकली.

"कधी कळलं, बाई?"

"पहिल्या आठवड्यातच."

"पण मी तर... अगदी तसंच..."

"आवाज तसाच होता. शंका नाही." त्या दम घ्यायला थांबल्या. "पण तो दोनदा करून थांबायचा. खाली, खिडकीखाली. मी खिडकीत येते का बघायला. बराच वेळ थांबायचा. मग जायचा. तुम्ही लगेच निघता."

उस्तादला ते कधी ठाऊकच नव्हतं. साहेब निघायच्या वेळी तो मागे, घरच्या गाडीपाशी असायचा. तिथून रेस ऐकू यायची, गिअर ऐकू यायचा. थांबणं कुठून ऐकू येणार?

"तुम्ही जायचात खिडकीत?" विचारल्यावर त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

"एकदाही नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाय चालत होते तेव्हाही नाही."

खाली मावशीने भांडं आपटल्याचा आवाज आला.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत, बाई?" त्याचा आवाज चढला. मालकिणीपुढे तो आयुष्यात पहिल्यांदा चढला असेल. "एवढी दोन वर्षं?"

"सांगितलं असतं तर गाडी थांबली असती."

यावर त्याला रागही धरता येईना. शेवटी तो म्हणाला, "माझी आई जायला टेकलीय. सकाळी फोन आला."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. उस्तादलाही आई आहे, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं असं ते बघणं होतं.

"मग इथे काय करताय? गाडी बाहेरच आहे ना? तीच घेऊन जा."

"ती कशी नेऊ, बाई? आणि इथे..."

"इथे आता काही नाही. जा."

गाव मागे पडलं आणि मोठा रस्ता लागला. गाडीला एवढा लांब, एवढा मोकळा रस्ता तिच्या जन्मात मिळाला नव्हता. उस्तादने पहिला टाकला, दुसरा टाकला, नीट, कुठेही दात न लावता. तिसरा. चौथा. इंजिन उघडत गेलं. बोगद्यात ऐकलेला आवाज नुसती चाहूल होती. खरा गळा हा होता. आधी पोटातून येणारी गुरगुर, मग एक लांब चढ, आणि सर्वात वर, काटा लाल रेषेशी पोचताना, एक असा सूर की अंगावरचा केस न केस उभा राहिला. शेतं, खांब, पूल, सगळं मागे फेकलं जात होतं. हात चाकावर हलके झाले. वय उतरलं. डोळ्यांतून पाणी आलं ते वाऱ्याने नव्हे, काच तर वर होती.

मग एका चहाच्या टपरीजवळ ट्रकसाठी वेग कमी करावा लागला, आवाज खाली आला, आणि त्याला आठवलं की आपण कुठे निघालो आहोत. मधला बराच रस्ता त्याला आई आठवलीच नव्हती. त्याने गाडी कडेला घेतली. पुढचं अंतर तो हळू गेला की जोरात, हे त्याला नंतर सांगता आलं नाही.

गल्ली अरुंद होती, गाडी तोंडाशीच लावावी लागली. घराचं दार सताड उघडं होतं आणि पायरीवर माणसं बसली होती. त्यांनी त्याला बघून जागा करून दिली, तेव्हाच त्याला समजलं.

शेजारची बाई आतून आली. "दादा, दुपारी गेल्या. शांतपणे गेल्या."

त्याने आईला बघितलं. केस विंचरलेले होते. बऱ्याच वेळाने, माणसं पांगल्यावर, तो मागच्या ओट्यावर येऊन बसला. बाईही येऊन थोडी दूर बसली.

"शेवटी काही म्हणाली?"

"सकाळी विचारलं, आला का म्हणून." ती पदराचं टोक पिळत होती. "मी म्हणाले, येऊन गेला. तुम्ही झोपला होतात. उठवू नको म्हणाला."

उस्ताद तिच्याकडे वळला.

"खोटं बोलले, दादा. रागावू नका. आजचंच नाही. मागे तुमची ती फेरी चुकली ना, काकू दाराशी बसून राहिल्या. अंधार पडला तरी आत येईनात. काय करू? मी बोलून गेले, अहो, तुमचा डोळा लागला होता तेव्हा येऊन गेला, घाईत होता. तशा उठल्या, आत आल्या, जेवल्या. मग मधून मधून तेच सांगायचे. शेवटी शेवटी रोज."

"पटायचं तिला?"

"कधी विचारायच्या, बारीक झालाय का, अंगात काय घातलं होतं. मी सांगायचे काहीबाही. कधी नुसत्या बघत बसायच्या माझ्याकडे. आणि मग म्हणायच्या, चहा तरी दिलास का त्याला?"

"मग तू?"

"मी म्हणायचे, दिला."

उस्तादने मान खाली घातली.

"तुम्ही पैसे जवळ बसायचे देत होता," बाई हळूच म्हणाली, "असलं काही बोलायचे नाही. ते माझ्या मनाचं होतं. पटत नसेल तर या महिन्याचे नका देऊ."

त्याने खिशात हात घातला आणि महिन्याचा पगार तिच्या हातावर ठेवला. तिने मोजला नाही. उस्तादने उभ्या हयातीत घर घेतलं नाही, सायकलीपलीकडे स्वतःचं वाहन घेतलं नाही. दोन वर्षं पहाटे पावणेपाचला उठून, चांगल्या हाताने वाईट गिअर टाकून जे कमावलं, त्यातून एवढंच विकत मिळालं होतं: त्याच्या आईला रोज कुणीतरी सांगितलं की तुमचा मुलगा येऊन गेला, आणि त्याला चहा दिला.